माझ्या कोपराचं शून्य

१२ सप्टेंबर

वाशीम. फिजिओने कोनमापक लावून डावं कोपर मोजलं. वाकतं पूर्ण. सरळ होताना मात्र शेवटचे पंधराएक अंश राहतात. पुढे काय, असं विचारलं. म्हणाली, थोडं सुटेल; सगळं सुटेलच असं लिहून देता येत नाही. मी लिहून मागितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून बसले होते. रिसोडला उतरताना लक्षात आलं. बाही वर केली.

संध्याकाळी आई फोनवर मावशीशी : "दिसत नाई वो. फुल बाहीत कोनाले कळते?" मी स्वयंपाकघरातच होते. तिला ते माहीत होतं की नाही, ठरवता आलं नाही.

१५ सप्टेंबर

अपघातानंतर पहिल्यांदा सुलीच्या गच्चीवर. खाली तिचं पार्लर, वर आमचा सकाळचा व्यायाम. ती धरून दहा जणी होत्या. मी अकरावी.

जूनमध्ये बाजार समितीच्या रस्त्यावर सांडलेल्या सोयाबीनवरून स्कूटी घसरली, त्याआधीपर्यंत आमची वाटणी ठरलेली होती. दंड मी शिकवायचे, बाकी सगळं सुली. तिचं बाकी सगळं म्हणजे दर आठवड्याला एक नवा दंड. सरडा : खाली जाताना एक गुडघा बाजूने कोपराला भिडवायचा. बैलगाडी : एकीने पाय धरायचे, दुसरीने हातांवर चालायचं. जातं : छाती खाली नेऊन जमिनीलगत गोल फिरवायची, आधी भार उजव्या हातावर, मग डाव्या, मग वर. नावं तिचीच. मुली खूश असतात.

मला कधी पटलं नाही. जे नीट जमत नाही ते झाकायला माणूस नवा प्रकार काढतो. साधा दंड झाकू देत नाही. छाती मातीला टेकली पाहिजे, वर आल्यावर कोपर सरळ झालं पाहिजे. झालं किंवा नाही झालं.

आज मुलींनी मला मध्ये घेतलं. एक दंड काढला. "एक!" सगळ्या एकदम ओरडल्या. कोपर सरळ झालं नव्हतं आणि ते त्यांना दिसलं होतं.

म्हटलं, "मोजू नका."

त्यांच्यातली कोमल म्हणाली, "तुमाले चालते ना ताई आता."

मला का चालतं, ते विचारलं नाही. चटई गुंडाळली.

१६ सप्टेंबर

गेले नाही.

१७ सप्टेंबर

गेले नाही. सुलीचा मेसेज : "रुसली का काटेवाली?" वजनकाटे तपासते म्हणून मी काटेवाली. रुसण्याचा प्रश्न नाही. जो नियम मी दहा जणींना लावला त्यात मी बसत नाही, इतकंच आहे.

२१ सप्टेंबर

कामावरून येताना तालमीवरून आले. शेडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटमध्ये :

वर आल्यावर कोपर सरळ. नसल्यास दंड बाद.

वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी तालमीच्या वार्षिक दिवशी पाहायला गेले होते. तिथला जुना नियम एकच : छातीखाली मुठीएवढी तांबडी माती ठेवायची, छातीला माती लागली की दंड धरला. वर आल्यावर कोणी बघत नसे. तालमीतले जुने गजूभाऊ अर्ध्यातूनच परत खाली जात होते आणि पोरं टाळ्या वाजवत होती. मी शेजारच्या बाईला म्हटलं, हे दंड नाहीत, उचक्या आहेत. तेवढ्यात टाळ्या थांबल्या होत्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

मग तालमीच्या समितीने माझ्याकडूनच नियम लिहून घेतला. भिंतीवर रंगवला गजूभाऊंनी. त्यांचं गेट-ग्रिलचं वेल्डिंग आहे, रंग घरचाच. दोरी मारून अक्षरं काढलीत. एका रेषेत आहेत. चांगली आहेत.

५ ऑक्टोबर

सुली घरी आली. चहा घेतला नाही, म्हणजे काम होतं.

गच्चीचं जमणार नाही आता. समोरच्या नव्या इमारतीतून कोणीतरी मोबाइल धरून बसतं. दोघींच्या घरून सांगितलं गेलंय : असंच चाललं तर बंद. तिने तालमीत जाऊन पहाटेची शेड मागितली. समितीचं उत्तर : डिसेंबरात वार्षिक दिवशी साखळी पुरी करा, चावी घ्या.

साखळी म्हणजे अकरा जण, एकेकाचे पाच दंड, पण मोजणी एकच. एकाचा पाचवा झाला की दुसऱ्याचा पहिला लगेच. मोजणारा आपल्यातला नसतो, दुसऱ्या गटाचा. दंड खरा असेल तरच तो आकडा मोठ्याने बोलतो. खोटा असेल तर गप्प राहतो, आणि सगळी मोजणी परत एकवर. तीनदा तुटली की वर्षभर नाव काढायचं नाही. दर वर्षी पुरुषांची होते. बायकांची कधी झाली नव्हती.

"अकराच पाह्यजेत," सुली म्हणाली. "दहानं होत नाई. मी इचारून आली."

"दुसरी कोणी बघ."

"सोयाबीन काढणी चालू हाये. कोन रिकामी हाये सांग. जे हायेत तेच टिकले तं देव पावला."

"मी बाद होईन. तुम्हा सगळ्यांची साखळी माझ्यामुळे तुटेल."

"मंग नियम बदल ना बाई. तुहाच हाये."

ते मी करणार नाही म्हटलं. ती उठली. दारात म्हणाली, "ह्या पोट्ट्यांले सकाळचा एक तास भेटते दिवसातून. तो बी गेला तं मी त्याईले काय सांगू? ताईचं कोपर सरळ नव्हतं?"

बरोबर बोलली. म्हणूनच राग आला.

१४ ऑक्टोबर

किन्हीराजाच्या रस्त्यावर ट्रक मोजायचा एक मोठा काटा. रिकामा असताना चाळीस किलो दाखवतो. मालक घाबरलेला. "मॅडम, काटा खोटा झाला काय? लोक मारतीन मले. सीजन तोंडावर हाये."

प्लॅटफॉर्मखाली उतरले. पावसाळ्यातला गाळ बसून घट्ट झाला होता. होता तेवढा काढला. तरी थोडं राहिलं, जुना बीम थोडा बसलाय. शून्य नव्याने लावलं. मग वजनं ठेवून पाहिलं : ठेवलं, काढलं, परत ठेवलं. दर वेळी तोच आकडा.

त्याला सांगितलं, काटा खोटा नाही. शून्य सरकलं होतं. खोटा काटा म्हणजे तेच वजन ठेवल्यावर दर वेळी वेगळं बोलणारा.

हे वाक्य मी महिन्यातून चार वेळा तरी कुठे ना कुठे बोलते. आज बोलून स्कूटीवर बसले आणि किल्ली लावायची राहून गेली.

१५ ऑक्टोबर

म्हणजे असं : माझं कोपर जिथे थांबतं, दर वेळी तिथेच थांबतं का? हाडामुळे थांबत असेल तर तिथेच थांबलं पाहिजे. मी कंटाळा करते म्हणून थांबत असेल तर जागा बदलेल.

सकाळी दाराच्या चौकटीला हात टेकवून पाहिलं. पेन्सिलची खूण केली. उद्या परत. परवा परत.

आई : "दाराले काहून रेघा मारून राह्यली?"

"मोजते आहे."

"काय?"

"अजून माहीत नाही."

२० ऑक्टोबर

खुणा एकावर एक. पेन्सिलच्या जाडीएवढा फरक. जागा ठरलेली आहे.

हे लिहिताना बरं वाटलं. चमत्कारिक आहे. बातमी तीच आहे : हात सरळ होत नाही.

२३ ऑक्टोबर

गच्चीवर गेले. कोणी काही विचारलं नाही. सुलीने आधीच दम दिलेला दिसतो. मी कोपऱ्यात एकटी. तीन दंडांनंतर लक्षात आलं, खरी अडचण वेगळीच आहे. उजवा हात सगळा भार ओढून घेतो. डावा नुसता सोबतीला. छाती तिरपी खाली जाते. उजवीकडे माती लागेल, डावीकडे नाही.

पाच काढायचे म्हणजे डाव्याला काम दिलं पाहिजे. पण साध्या दंडात डाव्याला एकट्याला पकडता येत नाही. तो उजव्यामागे लपतो.

साधा दंड झाकू देत नाही म्हणाले होते मी. झाकू देतो.

२७ ऑक्टोबर

आज कोणी यायच्या आधी गच्चीवर जाऊन जातं फिरवलं. एकच फेरा. भार उजव्यावरून डाव्यावर आला तेव्हा तोंडावर पडले. पण कळलं. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजन फिरवून बघतो ते हेच. मधोमध ठेवलं तर सगळं ठीक दिसतं. कोपऱ्यात नेलं की भार घेणारा कुठला सेल कामचुकार आहे ते सापडतं.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासते, आणि सुलीच्या जात्याला नाटक म्हणत होते.

उठले तर सुली जिन्याच्या दारात उभी. हातात झाडू.

"दळन झालं काय?"

"नाही."

"मंग फिरव. पालीवानी काय पडली." पालीसारखी, म्हणजे तो तिच्या सरड्याचाच एक भाऊबंद.

तिने विचारलं नाही की मत बदललं का. विचारलं असतं तर खाली निघून गेले असते.

९ नोव्हेंबर

सीझन. रोज एक तरी काटा. हात दुखतो, पण कामाने दुखतो तसा.

सकाळी जातं. दोन्ही बाजूंनी. उलटं फिरवणं जड. सुलीने माझ्यासाठी नवीन काढलंय : डावा तळहात विटेवर, उजवा जमिनीवर. "ह्याचं नाव काय?" कोमलने विचारलं. सुली : "ह्याचं नाव मावशीची बदली." का, ते तिलाच माहीत. सगळ्या हसल्या. मीही थोडी.

मी तिच्या प्रकारांना एक अट घातली : प्रकार कोणताही काढ, शेवटी पाच साधे. आणि ते पाच मी बघणार. ती म्हणाली, "बघ ना. तुले त्यातच मजा येते." मान्य झालं.

१८ नोव्हेंबर

एका मुलीच्या वडिलांनी खरंच बंद केलं. सुली घरी जाऊन त्यांच्याशी बोलून आली : साखळीपर्यंत थांबा, शेड मिळाली तर चार भिंतींच्या आत आहे, नाही मिळाली तर मी स्वतः तिला घरी आणून सोडते. ते "बरं" म्हणाले. पण साखळीपर्यंतच.

आता अकरा म्हणजे नेमक्या अकरा.

२६ नोव्हेंबर

पाच होतात. छाती सपाट जाते. दोन्ही बाजूंना माती. वर येताना डावं कोपर आपल्या जागी येऊन थांबतं.

भिंतीप्रमाणे पाचही बाद.

माझ्या मते खरे. पण माझं मत म्हणजे काटा आणि वजन दोन्ही मालकाचीच. दुसऱ्याने मोजलं पाहिजे, आणि त्याच्या हातात काहीतरी पाहिजे.

२८ नोव्हेंबर

बाईंडिंगची तार. हात होईल तेवढा ताणून मागच्या बाजूने लावली, मनगटापासून खांद्यापर्यंत, वाकवून बसवली. हात पूर्ण आला की तार सगळीकडून टेकते. कमी आला तर कोपराचं टोक तारेला ढकलतं आणि मनगटाकडे फट पडते. फट लांबूनही दिसते. हात लावायची गरज नाही.

आई बघत होती. म्हणाली, "बांगडीचं माप घेतात तसं." मग थोड्या वेळाने, "दुखते का अजून?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुखण्याबद्दल विचारलं, दिसण्याबद्दल नाही. "कमी," म्हटलं.

१ डिसेंबर

मुलींची साखळी मोजणार कोण ते कळलं. गजूभाऊ.

सुली : "गेलं."

मी : "नाही. त्यांनीच मोजावं."

२ डिसेंबर

त्यांच्या दुकानात गेले. गेट जोडत होते. तोंडावरची काच वर केली.

"या काटेवाल्या मॅडम. आज आमचं काय चेक कराले आल्या?"

"साखळीबद्दल बोलायचं आहे."

"बोला. भिंतीवर तं पह्यलेच बोलून ठेवलं तुमी."

बाही वर केली. ह्या हाताची बाही परक्या माणसासमोर पहिल्यांदा. तार लावून दाखवली. म्हटलं, हा हात एवढाच सरळ होतो, पुढे हाड जात नाही. हे माझं शून्य. दर दंडाला हात तारेला पूर्ण टेकला तरच आकडा बोला. फट दिसली तर बोलू नका.

"म्हंजे सूट पाह्यजे."

"सूट नको. माप पाहिजे."

त्यांनी तार घेतली, टेबलावर ठेवली, डोळा बारीक करून बघितली. "फर्मा हाये हा."

"हो, साचाच."

"पन बाईंडिंग तार हाये. चार जनाईनं हात लावला की वाकते. मंग म्हनशीन गजूनं बेईमानी केली." आत गेले. सळईचा तुकडा आणला, शिकंज्यात धरून माझ्या तारेवर वाकवला. तारेवर ठेवायचे, बघायचे, परत ठोकायचे. मला लावून बघायला सांगितलं. बसली. तार कोपऱ्यातल्या भंगारात फेकली.

"मागच्या साली माहे दंड कापले तवा मले कोनं असा फर्मा देल्ला नाई."

"तुमचं कोपर सरळ होतं, गजूभाऊ."

हसले. मोठ्याने. बाहेर पंक्चरवाला वळून बघायला लागला. "हे बाकी खरं हाये." मग हसू पुसून : "पन ऐक व बाई. फट दिसली तं मी बोलनार नाई. मंग तुह्या पोट्ट्या रडो, का तू."

"नाहीच बोलायचं."

समितीला त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणे. कोणी कुरकुरलं, तेव्हा म्हणाले, भिंत मी रंगवली, मोजनार मी, तुमाले काय करा लागते.

आज बरी झोप लागेल असं वाटतं.

१४ डिसेंबर

साखळी.

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळची थंडी. शेडमध्ये गर्दी. पुरुषांची साखळी आधी झाली, एकदाच तुटली. मग आम्ही. प्रत्येकीच्या जागेवर मुठीएवढी माती. गजूभाऊ सळई घेऊन. पोरं मागून : "गजूभाऊ, सळई काहून? मारता काय?" ते : "तुमच्यासाठी आनली. गप बसा."

मी सातवी. मुद्दाम मधली जागा. शेवटची मला नको होती.

पहिली खेप. एकोणीसपर्यंत आकडे पडले. कोमलची छाती टेकली नाही. आकडा पडला नाही. मागून कोणीतरी : "जा पोरी, घरी भाकरी कर." सुलीने मान न वळवता, "तुह्या घरी कोन करते रे? सांग, त्याले बी दंड शिकवतो."

दुसरी खेप. माझ्यापर्यंत तीस झाले. एकतीस. सळई हाताशी, थंड नव्हती, त्यांच्या हातात गरम झाली होती. बत्तीस. तेहेतीस. चौथ्याला वर आले आणि गजूभाऊ बोलले नाहीत.

फट होती. मला ती त्यांच्याआधी कळली. खांदा थकला होता, मी घाई केली.

कोमलने माझ्याकडे पाहिलं, तेच ते सप्टेंबरमधलं पाहणं : ताईला आता काय होईल. पण मला काही झालं नाही. उलट इतकं मोकळं वाटलं की लाज वाटली, कारण वेळ ती नव्हती. त्यांनी चौथा बाद केला. म्हणजे पहिले तीन खरे होते. जूनपासून माझा एकही दंड कोणी बाद केला नव्हता. सगळे "चालते" होते.

मग भान आलं. दोनदा तुटली. आता एकच खेप. मुली थकलेल्या, आणि ज्या मुलीचे वडील साखळीपर्यंतच थांबणार होते ते दारात उभे.

सुली म्हणाली, "सगळ्या खाली. जातं फिरवा. हळू. जोर नाई लावायचा."

अकरा जणी मातीच्या ढिगांवरून गोल गोल. मागे हशा. गजूभाऊ : "हे काय दळून राह्यल्या व तुमी?"

"पीठ पडेपर्यंत थांबा भाऊ. नियमात वेळ लिह्यला हाये का?"

गजूभाऊंनी भिंतीकडे पाहिलं. वेळेचं काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. थांबले.

भार फिरला तसे खांदे सुटले. माझाही.

तिसरी खेप. कोमलच्या वेळी मी ओरडले, "टेकव व पोरी, टेकव, माती चावत नाई तुले!" हे माझ्या तोंडून आलं. पुण्याला डिप्लोमा केल्यापासून घराबाहेर असं बोलले नव्हते. टेकली. वीसच्या पुढे गेलो. तीस. माझे पाच : एकेक थांबून. वर आले की सळई टेकायची, मगच आकडा. पस्तीस म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. फुकटचा चढा सूर नव्हता, माया नव्हती. गहू मोजावेत तसा पस्तीस.

त्यासाठी मी त्यांची आभारी आहे.

पंचावन्न सुलीचा. ती अकरावी. पडली तिथेच, गालाला माती.

चावी गजूभाऊंनीच आणून दिली. सुलीच्या नाही, माझ्या हातात. डाव्या. मुद्दाम की सहज, विचारलं नाही.

त्या मुलीचे वडील जाताना म्हणाले, "दाराले आतून कडी हाये ना?" आहे, म्हटलं. "मंग ठीक हाये."

१५ डिसेंबर

अंग ठणकतंय. आईने तेल लावलं, दोन्ही हातांना सारखं. मावशीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "हौ, वाकडाच हाये थोडा. पन पाच दंड काढले त्या हातानं. तू काढून दाखव." आणि माझ्याकडे न बघता वाटी उचलून आत गेली.

२२ डिसेंबर

शेडमध्ये पहिला आठवडा. आठवड्यातून तीन सकाळी. आतून कडी. धूळ खूप, उजेड एकाच बाजूने. कोणीही मोबाइल धरून बसलेलं नाही. मुली मोठ्याने हसतात. गच्चीवर इतक्या मोठ्याने हसत नव्हत्या हे आत्ता कळलं.

सळई भिंतीवर, नियमाच्या खाली खिळ्याला टांगलेली. गजूभाऊंचं काम. नियम तसाच. "खाली अजून एक ओळ टाका ना," कोमल म्हणते. काय टाकायची त्यावर मी आणि सुली भांडतोय. तिचं म्हणणं : ज्याचा त्याचा फर्मा. मी म्हटलं, मग उद्या प्रत्येक आळशी माणूस वाकडी सळई घेऊन येईल. ती : "मंग त्याले जातं फिरवाले लाव. लपलेलं निंगते बाहीर." हे खरं आहे. पण भिंतीवर कसं लिहिणार?

४ जानेवारी

अजून ओळ ठरली नाही. रंगाचा डबा गजूभाऊंनी शेडमध्येच ठेवलाय. रोज जाता-येता : "ठरलं काय? का मी माह्या मनानं लिहू?"

११ जानेवारी

आज शेवटच्या पाच दंडांआधी सवयीने सळई लावली. बसली नाही.

मनगटाकडे फट नव्हती. फट कोपरापाशी होती. दोन्ही टोकं टेकलेली, मधे बोटाच्या नखाएवढा उजेड. उलट्या बाजूची फट.

म्हणजे दोनपैकी एक. कोपर उघडलं, किंवा सळई वाकली. सुलीला विचारलं. ती म्हणाली, पोट्टे संक्रांतीच्या पतंगा पत्र्यावरून काढाले काहीतरी घेऊन गेलते कालच्याले, सळई होती का काठी, तिनं नाई पाह्यलं. मूळ तार गजूभाऊंच्या भंगारात, भंगार गेलं. दाराच्या चौकटीला आईने दिवाळीत रंग दिला. फिजिओची तारीख पुढच्या महिन्यात.

एक माप सरकलं आणि दुसरं माप हाताशी नसलं तर काय सरकलं ते सांगता येत नाही. हे मी लोकांना शिकवते.

सुली : "मंग? आता काय धरायचं?"

सळई खिळ्याला लावली. पाच काढले, होईल तेवढा हात नेऊन. कोमल मोजायला उभी होती. पहिल्याला तिने आकडा बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, माझ्या कोपराकडे वाकून बघत राहिली.

"बोलू का ताई?"

म्हटलं, "तुला काय दिसतं?"

ती अजून बघतच होती.